जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये द्यावी की बाहेर विकावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हॅचबॅक गाडी, वय ८ वर्षं, तुम्हीच पहिले मालक, रनिंग ७८,००० किलोमीटर. मागच्या डाव्या दरवाजावर एक पोचा आहे. कर्जाचे ५ हप्ते राहिलेत. नवी गाडी बुक झाली आहे, ती सहा आठवड्यांनी हातात येईल. शोरूमने एक्स्चेंजचा आकडा सांगितलाय, मेहुणे म्हणतात बाहेर विका, जास्त येतील. कोणाचं ऐकायचं, आणि पोचा काढून घ्यायचा का?

आधी उत्तर देतो, कारणं मागून सांगतो. पोचा आहे तसा राहू द्या, निदान पूर्ण पॅनेलला रंग तरी मारू नका. आजपासून तीन आठवडे गाडी बाहेर विकायचा प्रयत्न करा. शोरूमचा आकडा मात्र आजच लेखी घेऊन ठेवा. आणि या सगळ्याच्या आधी, शक्य तर उद्याच, कर्ज देणाऱ्या बँकेकडे कर्ज बंद करायला एकूण किती भरावे लागतील त्याचं पत्र मागा.

जुन्या गाड्या तपासून त्यांचा भाव काढणं हे माझं वीस-बावीस वर्षांचं काम आहे. आधीची बरीच वर्षं डीलरकडे एक्स्चेंजला आलेल्या गाड्या बघायचो, आता विकणाऱ्या आणि घेणाऱ्या दोघांनाही गाडी तपासून देतो. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय, त्यामुळे इथे जे लिहितोय ते दोन्हीकडचं आहे.

गाडी बदलायला निघालेल्या माणसाला वाटतं, आपण एक व्यवहार करतोय. ते दोन व्यवहार असतात. जुनी विकणं हा एक, नवी घेणं हा दुसरा. शोरूममध्ये पहिल्या पाच मिनिटांतच विचारतात, ‘जुनी गाडी द्यायची आहे का?’ तुम्ही हो म्हणालात की दोन्ही हिशेब एकाच कागदावर येतात आणि मग कुठला आकडा कुठून कापला आणि कुठे चिकटवला हे तुम्हाला कळत नाही. जुन्या गाडीला ‘बाजारापेक्षा जास्त’ भाव देतो म्हणतात, आणि नव्या गाडीवर जी सूट मिळायची ती गुपचूप नाहीशी होते.

उदाहरण घ्या. नव्या गाडीची किंमत १००० धरू. पहिल्या शोरूमने जुन्या गाडीचे ३०० दिले आणि नव्या गाडीवर सूट दिली नाही. तुमच्या खिशातून गेले ७००. दुसऱ्याने जुन्या गाडीचे २६०च दिले, पण नव्या गाडीवर ६० सोडले. खिशातून गेले ६८०. आता यातला निम्म्याहून जास्त माणूस पहिल्याकडे जातो, कारण ३०० हा आकडा ऐकायला गोड लागतो आणि २६० म्हणजे आपल्या गाडीचा अपमान वाटतो. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की लोकांना आता एकच सांगतो: नव्या गाडीचा भाव आधी, जुन्या गाडीचा विषय न काढता, पक्का करा. मग जुनीचा भाव वेगळा काढा. आणि सगळं ठरल्यावर शेवटी दोन्ही एकत्र मांडून फक्त फरकाचा आकडा बघा. तुमची नवी गाडी बुक झालेली आहे, म्हणजे तिचा भाव कागदावर असणार. त्या कागदावर ‘एक्स्चेंज बोनस’ नावाची ओळ आहे का, ती आजच बघा. असेल, तर गाडी बाहेर विकल्यावर ती रक्कम जाईल, म्हणजे बाहेरच्या भावातून ती वजा करूनच तुलना करायची. काही ठिकाणी कराचाही फरक पडतो. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत जुनी गाडी डीलरला दिली तर विक्रीकर फक्त फरकाच्या रकमेवर लागतो, त्यामुळे तिथे बाहेर विकण्याचा फायदा तेवढ्याने कमी होतो. तुमच्याकडे असा नियम आहे का, हे शोरूमच्या तोंडून नको, करखात्याच्या माहितीतून बघा.

आता डीलर कमी का देतो, हेही समजून घ्या, म्हणजे उगाच राग येणार नाही. तुमची गाडी घेतल्यावर तो ती धुऊन-पुसून, दुरुस्त करून, विकली जाईपर्यंत जागेवर उभी ठेवतो. तोवर त्याचे पैसे अडकलेले असतात. विकल्यावर बहुधा काही महिन्यांची हमी देतो. हे सगळं आणि त्याचा नफा तुमच्या भावातूनच निघतो. पण याखेरीज आणखी एक गोष्ट वजा होते आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. जे तपासून कळत नाही, त्याचीही किंमत कापली जाते. मी डीलरकडे असताना तपासणीचा फॉर्म भरायचो, त्यात गिअरबॉक्सबद्दल जरा शंका आली की गिअरबॉक्स खराबच आहे असं धरून आकडा लिहायचा, ही आमची रीत होती. वाईट हेतू नव्हता. वीस मिनिटांत गाडीचं पोट उघडून बघता येत नाही, म्हणून वाईटातलं वाईट धरायचं.

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली नेमकं हेच जुन्या गाड्यांचं उदाहरण घेऊन मांडलं होतं. विकणाऱ्याला गाडीचं सगळं माहीत, घेणाऱ्याला काहीच नाही, म्हणून घेणारा सरसकट कमी भाव सांगतो, आणि मग चांगल्या गाडीचा मालक त्या भावात विकायला तयारच होत नाही. २००१ साली त्यांना दोघांबरोबर मिळून नोबेल मिळालं. मला या सिद्धांतातून कामाची गोष्ट एवढीच दिसते: चांगल्या गाडीच्या मालकाने पैसा पॉलिशवर घालवू नये, समोरच्याची शंका घालवण्यावर घालवावा. माझ्या सगळ्या सल्ल्याचा गाभा हाच आहे.

गाडी बघायला आलेला जाणता माणूस काय करतो ते सांगतो, म्हणजे शंका कुठे निर्माण होते ते कळेल. तो बोलायच्या आधी बॉनेटवर हात ठेवतो. गरम लागला की समजतो, गाडी आधीच चालू करून ठेवली होती. थंड इंजिन पहिल्यांदा चालू होताना जे आवाज आणि धूर येतात ते त्याला बघायचे असतात. मग बॉनेट उघडून बिजागरीचे बोल्ट बघतो. बोल्टच्या कडांवरचा रंग उडालेला असेल तर कोणीतरी पाना लावलेला आहे, म्हणजे बॉनेट किंवा फेंडर निघालेलं आहे. दरवाजाचं रबर बीडिंग बोटाने खाली ओढतो आणि आतल्या वेल्डिंगचे ठिपके बघतो. कारखान्यातले ठिपके एकसारखे गोल आणि ठरावीक अंतरावर असतात, गॅरेजमधले तसे जमत नाहीत. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढतो. पुराच्या पाण्यात गेलेल्या गाडीची आतली गादी नवी घालतात, पण बेल्टच्या आत गुंडाळलेल्या भागावर चिखलाची रेघ राहून जाते. डिकीतली स्टेपनी उचलून खालचा खड्डा हाताने चाचपतो. काचांच्या कोपऱ्यातले शिक्के एकाच साली बनल्याचे आहेत का, बघतो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, ३५१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला. पाचपैकी एकच टायर वेगळ्या सालचा निघाला तर विचारतो, का बदलला?

आणि त्याच्या खिशात रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र असतं. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास भरतो. दुसऱ्यांदा रंग मारला की आकडा दोनशे-तीनशेच्या घरात जातो. खाली पुट्टी भरलेली असली की पाचशेच्याही वर, कधी हजाराच्या पुढे.

आता तुमच्या पोच्याकडे येऊ. तो पोचा बघून माणूस म्हणतो, ‘दरवाजावर पोचा आहे, काढायला अमुक लागतील.’ एवढंच. तो दिसतो, त्याचा खर्च काढता येतो, विषय संपला. तोच दरवाजा तुम्ही डेंटिंग-पेंटिंग करून चकाचक केलात, की यंत्र तिथे ४०० दाखवणार आणि माणूस विचारात पडणार: इथे काय झालं होतं? धडक किती मोठी होती? गाडीच्या सांगाड्याचा मागचा खांब वाकला होता का? दिसणाऱ्या पोच्याच्या जागी तुम्ही न दिसणारा अपघात उभा केलात, तोही स्वतःच्या पैशांनी. म्हणून पोच्यावरचा रंग फुटलेला नसेल तर फार तर रंग न लावता आतून दाबून पोचा काढणाऱ्या कारागिराला दाखवा. त्यात मूळ रंग तसाच राहतो. रंग फुटलेला असेल तर गॅरेजमधून दुरुस्तीचा लेखी अंदाज आणा आणि गाडीच्या कागदांत ठेवा. गिऱ्हाईक पोच्यासाठी मोठी रक्कम पाडायला लागलं की तो कागद पुढे करायचा. घासाघीस तिथेच थांबते.

डॅशबोर्डवर कसला दिवा लागत असेल तर तो मात्र खरोखर दुरुस्त करून घ्या. नुसता स्कॅनरने पुसून घेऊ नका. दिवा पुसला की गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या स्वयं-तपासण्याही शून्यावर येतात आणि त्या पूर्ण व्हायला बरंच चालवावं लागतं. ज्याच्याकडे स्कॅनर आहे त्याला तपासण्या अपूर्ण दिसतात आणि त्याला कळतं की काल-परवा कोणीतरी काहीतरी पुसलंय. त्यानंतर तुम्ही सांगाल ते सगळं त्याला खोटं वाटतं. इंजिन प्रेशरने धुण्याचंही तसंच. ओलं चकचकीत इंजिन बघितलं की मी ऑइलची गळती शोधायला लागतो. सर्व्हिस जवळ आली असेल तर करून घ्या, फुटके बल्ब आणि झिजलेले वायपर बदला, गाडी आतून नीट स्वच्छ करा. नवे टायर घालू नका, जुने कायद्याच्या मर्यादेखाली झिजलेले नसतील तर. ती मर्यादा बऱ्याच देशांत १.६ मिलिमीटर आहे.

दुसरी किल्ली शोधून ठेवा. आजकालच्या किल्लीत चिप असते, नवी बनवायला चांगलाच खर्च येतो, आणि किल्ली एकच असली की दुसरी कोणाकडे आहे हा प्रश्न घेणाऱ्याच्या मनात राहतोच.

एक गाडी मला आजही आठवते. साधी सेडान, अकरा वर्षांची, बंपरला ओरखडे, सीटचं कापड विटलेलं. मालकीण निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी ग्लोव्ह बॉक्समधून एक वही काढून माझ्यासमोर ठेवली. पहिल्या दिवसापासून प्रत्येक वेळी पेट्रोल भरल्याची तारीख, किलोमीटर आणि लिटर. प्रत्येक सर्व्हिसची पावती त्या त्या पानावर स्टेपल केलेली. मधे एका पानावर लाल शाईने लिहिलेलं, ‘रिव्हर्स घेताना खांबाला लागली. मागचा बंपर बदलला.’ मी ती वही दहा मिनिटं चाळली आणि गाडीची तपासणी निम्म्या वेळात संपवली, कारण संशय घ्यायला जागाच नव्हती. डीलरच्या नेहमीच्या हिशेबात त्या गाडीला जो भाव बसत होता, त्याच्या बराच वर आकडा मी लिहिला आणि साहेबांना वही दाखवून मंजूर करून घेतला. त्या वहीने मीटर मागे फिरवलेलं नाही हे सिद्ध केलं होतं, आणि मीटरची शंका ही जुन्या गाडीतली सगळ्यात महाग शंका असते. तुमच्याकडे वही नसेल. पण आठ वर्षांच्या सर्व्हिसच्या नोंदी जिथे सर्व्हिस केली तिथे बहुधा मिळतात. मागून घ्या, छापून एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावा. एक संध्याकाळ जाईल, पण सगळ्या तयारीत सर्वांत जास्त मोबदला देणारी संध्याकाळ ती.

भावाचं बोलू. स्वतःच्या गाडीचा भाव स्वतः ठरवताना प्रत्येक माणूस जास्तच धरतो, मीही धरला होता. कानमन, क्नेच आणि थेलर यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेले प्रयोग आहेत. अर्ध्या लोकांना कॉफीचे मग दिले आणि विकायला सांगितलं, तर मग हातात असलेल्यांनी मागितलेली किंमत, मग नसलेल्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या दुपटीच्या आसपास होती. काही मिनिटांपूर्वी मिळालेल्या मगाची ही कथा, तर ज्या गाडीतून तुम्ही बाळाला पहिल्यांदा घरी आणलंत तिचं काय होणार? म्हणून आकडा बाहेरून आणा. तुमचंच मॉडेल, तेच इंजिन, एखाद्या वर्षाचा फरक, रनिंग जवळपास तेवढंच, अशा जाहिराती शोधून टिपून ठेवा. दहा दिवस रोज बघा. ज्या महिनाभर तिथेच पडून असतात त्यांचा भाव म्हणजे न विकणारा भाव. ज्या पाच-सहा दिवसांत निघून जातात, त्या भावाच्या आसपास खरा बाजार आहे, आणि सौदा त्याहूनही थोडा खालीच झालेला असतो हे धरून चाला. शिवाय जुन्या गाड्या सरळ विकत घेणाऱ्या दोन ठिकाणी गाडी दाखवून त्यांचेही आकडे लेखी घ्या. शोरूमचा एक आणि हे दोन मिळून तीन झाले. त्यातला सगळ्यात मोठा तो तुमचा तळ. त्याच्याखाली कोणाला द्यायचीच नाही.

तुमच्या ७८,००० या आकड्याबद्दल एक खास सांगायचंय. लासेटेरा, पोप आणि सिडनोर या संशोधकांनी अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या घाऊक लिलावांतले २ कोटी २० लाखांहून जास्त व्यवहार तपासले आणि २०१२ साली निष्कर्ष छापले. गाडीचा भाव मैलांबरोबर हळूहळू उतरत जातो हे तर अपेक्षितच, पण दर १०,००० मैलांचा टप्पा ओलांडला की तो एकदम पायरी उतरल्यासारखा खाली येतो. ७९,९०० आणि ८०,१०० यांत गाडीच्या दृष्टीने काहीच फरक नाही, पण माणूस डावीकडचा आकडा वाचतो. किलोमीटरमध्येही मी रोज हेच बघतो. ‘ऐंशी हजार झालेत’ म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. तेव्हा पुढचे सहा आठवडे या गाडीने लांबचा प्रवास टाळा. लग्नाला, सहलीला जायचं असेल तर दुसरी सोय बघा.

जाहिरातीत फोटो भरपूर टाका. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या मऊ उन्हात, चारही बाजूंनी, आतून, डिकीतून, मीटरचा, टायरच्या आकड्यांचा, सर्व्हिसच्या फाइलचा. पोच्याचा जवळून फोटो, बाजूला एक नाणं धरून, म्हणजे आकार कळतो. मजकुरात पहिल्या दोन ओळींत साल, रनिंग, कितवा मालक, कर्जाची स्थिती आणि विकण्याचं कारण. तुमचं कारण उत्तम आहे: नवी गाडी येतेय. घेणाऱ्याला याने बरं वाटतं, कारण बिघाड झाला म्हणून ही विकत नाहीयेत हे कळतं. फक्त नवी गाडी नेमकी कोणत्या तारखेला येतेय ते सांगू नका. तारीख कळली की समोरचा थांबून राहतो आणि शेवटच्या दोन दिवसांत भाव पाडतो.

फोन येतील. दहातले सात विचारतील, ‘शेवटचा भाव काय?’ त्यांना एकच उत्तर द्या: ‘गाडी येऊन बघा, आवडली तर समोरासमोर बोलू.’ ज्याला खरंच घ्यायची आहे तो येतो. बघायला आलेल्याने मेकॅनिक आणला तर वाईट वाटून घेऊ नका, आनंदाने दाखवा. तपासून घेणारी पार्टी घासाघीस करते, पण घेतल्यावर महिन्याभराने फोन करून भांडत नाही. स्वतःहून पोचा दाखवा, तो उन्हात उभा राहून शोधायच्या आधी. एखादा दोष तुम्ही आधी सांगितलात की तुमच्या इतर बोलण्यावर विश्वास बसतो. इंजिनाबद्दल तुम्ही सांगाल ते तो त्या पोच्यामुळे मानेल.

चाचणीसाठी गाडी देताना आधी त्याचं लायसन्स बघा आणि फोटो काढून घ्या, गाडीचा विमा चालू आहे ना ते बघा, तुम्ही शेजारी बसा. जागा बदलताना इंजिन बंद करून किल्ली स्वतःच्या हातात घ्यायची. उतरून वळसा घालून येईपर्यंत गाडी निघून गेल्याचे प्रकार घडतात. भेट दिवसाउजेडी, वर्दळीच्या जागी. एकट्याने जाऊ नका.

पैशांच्या बाबतीत मी फार कडक आहे. पैसे आले म्हणजे तुमच्या स्वतःच्या बँक खात्यात, तुम्ही स्वतः उघडून बघितलेल्या शिलकेत दिसले, तरच आले. त्याच्या मोबाइलवरचा स्क्रीनशॉट, तुम्हाला आलेला मेसेज, चेकची झेरॉक्स, यातलं काहीही म्हणजे पैसे नव्हेत. पैसे ‘घेण्यासाठी’ कोणी क्यूआर कोड स्कॅन करायला किंवा पिन टाकायला सांगितलं तर फोन ठेवून द्या, कारण पैसे घेताना पिन लागतच नाही. कोणी चेकने ठरल्यापेक्षा जास्त देऊन ‘वरचे परत करा’ म्हणालं, तर तो चेक बुडणार आहे. टोकन घेतलंत तर त्याची पावती करा: रक्कम, तारीख, उरलेले कधीपर्यंत, आणि मुदतीत न आल्यास टोकनचं काय.

तुमच्या कर्जामुळे इथे एक अडचण आहे. कर्ज चालू असलेल्या गाडीवर बँकेचा हक्क असतो, तो उतरल्याशिवाय मालकी नीट बदलत नाही. ५ हप्तेच राहिलेत, तेव्हा जमत असेल तर स्वतःच्या पैशांनी बंद करून टाका. जमत नसेल तर घेणाऱ्याबरोबर बँकेत जाऊन, त्याच्या पैशांतून कर्जाची रक्कम थेट कर्जखात्यात भरा आणि उरलेली तुमच्या खात्यात. मुदतीआधी बंद केल्याचा काही आकार लागतो का, हेही पत्रात विचारा. शोरूमचा माणूस कदाचित म्हणेल, ‘राहिलेलं कर्ज नव्या कर्जात मिळवून देतो.’ त्याला नाही म्हणा. जी गाडी दारात नाही तिचं व्याज नव्या गाडीच्या मुदतीएवढी वर्षं भरत बसाल.

आता ताबा देण्याचं. इथे मी स्वतः चुकलोय, म्हणून जरा सविस्तर. सुरुवातीच्या वर्षांत माझी स्वतःची गाडी मी ओळखीतल्या ओळखीत विकली. पैसे मिळाले, कागदांवर सह्या करून दिल्या, त्याने म्हटलं नोंदणी मी करून घेतो. त्याने केली नाही. चार महिन्यांनी मला वेग ओलांडल्याचा दंड आला, मग चुकीच्या पार्किंगचा. सरकारी नोंदीत मालक मीच होतो. विकल्याची तारीख-वेळ लिहिलेला एकही कागद माझ्याकडे नव्हता. ते निस्तरायला मला जे हेलपाटे घालावे लागले, ते कोणावर येऊ नयेत. आणि ते फक्त दंड होते. त्या गाडीखाली कोणी आलं असतं तर काय, या विचाराने तेव्हा रात्री जाग यायची.

म्हणून किल्ली देताना एक पावती करा. दोघांची नावं आणि पत्ते, गाडीचा क्रमांक, १७ अक्षर-आकड्यांचा चासिस क्रमांक, मीटरचं रनिंग, मिळालेली रक्कम, तारीख, आणि घड्याळातली वेळ. दोघांच्या सह्या, दोघांकडे एकेक प्रत. मीटरचा फोटो. वाहन नोंदणी कार्यालयाला विक्री कळवायची जी पद्धत तुमच्याकडे असेल ती त्याच दिवशी स्वतः करा, घेणाऱ्यावर सोडू नका. मालकी बदलल्याचा पुरावा हातात येईपर्यंत विमा रद्द करू नका. दावा न केल्याबद्दल विम्यावर सवलत साठली असेल तर ती नव्या गाडीला लावता येते का ते विमा कंपनीला विचारून तसा दाखला घ्या.

गाडी रिकामी करताना टोलचा टॅग आणि पार्किंगचा पास काढायचा हे बहुतेकांच्या लक्षात असतं. स्क्रीनच्या आत काय आहे ते विसरतात. गेल्या महिन्यात तपासायला आलेल्या एका गाडीत मी ब्लूटूथ उघडलं तर आधीच्या मालकाच्या फोनमधली सगळी नावं-नंबर तसेच, आणि नकाशात ‘घर’ दाबलं की त्यांच्या दारापर्यंतचा रस्ता. फॅक्टरी रीसेट करा. आणि गाडी मोबाइल ॲपला जोडलेली असेल तर खात्यातूनही काढून टाका. नाहीतर नव्या मालकाची गाडी कुठे उभी आहे ते तुम्हाला दिसत राहील. तेही बरं नाही.

एक्स्चेंज कधी बरं, हेही सांगायला हवं. गाडीत मोठं काम निघालेलं असेल आणि ते तुम्हाला माहीत असेल, मॉडेलला गिऱ्हाईकच कमी असेल, घरात अनोळखी माणसं येणं नको असेल, किंवा ऑफिस आणि आजारपण यातून वेळच नसेल, तर एक्स्चेंजमध्ये द्या आणि दोन पैसे कमी आले म्हणून झुरू नका. बाहेर विकून येणारा जास्तीचा पैसा हा फुकटचा नसतो, ती तुमच्या चार-पाच रविवारांची मजुरी असते. वर घेतलेल्या उदाहरणात बाहेर ३१० आले आणि एक्स्चेंजमध्ये २६०, तर प्रश्न एवढाच की ५० साठी तुम्ही तेवढे रविवार द्याल का. काहींसाठी उत्तर हो असतं, काहींसाठी नाही.

एक्स्चेंजचा आकडा लेखी घेताना मात्र तीन गोष्टी त्यात हव्यात: तो कोणत्या तारखेपर्यंत चालेल, किती किलोमीटरपर्यंत चालेल, आणि गाडी बघूनच दिलेला आहे. आजचा आकडा गाडी न बघता दिलेला असेल तर त्याला अर्थ नाही. सहा आठवड्यांनी तुम्ही पेढे घेऊन, घरच्यांना घेऊन नवी गाडी आणायला जाल आणि तेव्हा सांगतील, ‘बाजार उतरलाय, आता एवढेच.’ त्या क्षणी कोणी उठून घरी जात नाही, हे त्यांना ठाऊक असतं. लेखी कागद आणि बाहेरच्या दोन ठिकाणांचे आकडे खिशात असले की तुम्ही जाऊ शकता. त्याच कागदावर बोट ठेवायचं, आवाज चढवायचा नाही.

तीन आठवड्यांत बाहेर योग्य भाव देणारा कोणी आला नाही, तर जाहिरातीतला भाव एकदाच, ठळक जाणवेल असा कमी करा. रोज थोडा थोडा उतरवलात की लोक आणखी उतरायची वाट बघतात. पाचव्या आठवड्यापर्यंतही नाही गेली तर तीन लेखी आकड्यांपैकी सगळ्यात मोठा घ्या. आणि नव्या गाडीची तारीख पुढे ढकलली गेली, जे होतंच, तर बाहेरच्या पार्टीला ताबा थोडा उशिरा चालेल का ते टोकन घेतानाच विचारून ठेवा. बरेच जण थांबतात. बँकेचं पत्र यायला किती दिवस लागतील ते मात्र तुमच्या हातात नाही, त्यामुळे तो अर्ज आधी जाऊ द्या, फोटो रविवारी काढले तरी चालतील.